दोन वशिंडांच्या मधे

"आप्पा, आज तेवढं उंटाचं काढू नगा."

आप्पा गिरणीच्या तोंडाशी उभे राहून पडतं पीठ चिमटीत धरून बघत होते. नेहमीप्रमाणे डाव्या हाताने. पट्ट्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून मी आणखी जवळ गेले आणि तेच पुन्हा बोलले. त्यांनी चिमटीतलं पीठ फुंकून टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंटानं तुजं काय घोडं मारलंय गं?"

"पाव्हणं शिकल्यालं हाईत. हसत्याल."

"बरं बाई. न्हाई काढत."

इतक्या पटकन त्यांनी कबूल केलं की मलाच कसंतरी झालं. पण कसंतरी वाटून घ्यायला त्या दिवशी सवड नव्हती. दुपारी पिसाळांकडची माणसं माझ्या लग्नाची सुपारी फोडायला येणार होती. मुलगा, नंदकुमार, इस्लामपूरकडच्या एका शाळेत मास्तर होता, मी नुकतीच डी.एड. झाले होते. आईची लांबची बहीण गंगूमावशी, तिने हे स्थळ आणलं होतं. बघणं झालं होतं, पसंती कळली होती, राहिले होते ते मुलाचे चुलते. मुलाला वडील नव्हते, चुलत्यांनीच वाढवलेलं, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. यशवंतकाका मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेत एवढंच मावशीने सांगितलं होतं. कुठे होते, काय करत होते, कुणी विचारलं नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस मिलिटरीत. कुणाकुणाला विचारत बसायचं?

आमच्या गिरणीवर पाटी नव्हती, पण आजूबाजूच्या गावांत कुणालाही 'उंटाची गिरणी' म्हटलं की तो बोट दाखवायचा. उंट गावात कुणी पाहिला नव्हता. सगळा उंट आप्पांच्या तोंडात. मी पाळण्यात असताना ते एका कंत्राटदाराबरोबर राजस्थानात रस्त्याच्या कामावर गेले. तिथे पाण्याची बोंब, पाणी आणायला उंट, आणि तो उंट आप्पांच्या हवाली. "पुढचं वशिंड धराया, मागचं टेकाया, मधी आपुन. तहसीलदाराच्या खुर्चीत बी आसलं सुख न्हाई," असं म्हणून आप्पा दोन पोत्यांच्या मधे मांडी घालून, डुलत डुलत तो उंट चालवून दाखवायचे आणि दळण घेऊन आलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मग एका थंडीत उंट माजावर आला आणि त्याने आप्पांचा उजवा हात चावला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं राहिलं, हात बधिर झाला, आणि कंत्राटदाराने त्यांना घरी पाठवलं. मी तेव्हा चार वर्षांची होते. उंबऱ्याशी एक अनोळखी माणूस उभा आहे आणि आई सांगतेय, "शाले, हे तुजं आप्पा. उंटाकडनं आल्यात," ही माझी अगदी पहिली आठवण.

सातवीच्या भूगोलाच्या पुस्तकात दोन उंटांची चित्रं शेजारी शेजारी होती. एक उंच, लांब पायांचा, पाठीवर एकच वशिंड. त्याच्याखाली लिहिलेलं होतं राजस्थान आणि अरबस्तान. दुसरा बुटका, अंगभर केसाळ, दोन वशिंडांचा, मंगोलियाकडच्या थंड वाळवंटातला. मी पुस्तक घेऊन तशीच गिरणीत पळाले. आप्पांनी त्या चित्रांकडे बराच वेळ बघितलं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ह्यो पुस्तक लिवणारा गेलता काय तिकडं? मी गेलतो."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. त्या दिवसानंतर आप्पांनी उंट काढला की मी गिरणीतून उठून घरी जायची. आपला बाप थापाड्या आहे हे कळायचं वय म्हणून बारा वर्षं जरा लहानच. बाकीच्यांचे बापही थापा मारत असतील, पण त्यांच्या थापांचं नाव कुणी त्यांच्या गिरणीला दिलं नव्हतं. वर्गातल्या मुली मला 'उंटाची शालन' म्हणायच्या आणि मी मान खाली घालून चालायची.

तर पाहुणे आले. यशवंतकाका उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे. दारातच त्यांनी आप्पांना मिठी मारली आणि सोप्यात घोंगड्यावर ऐसपैस बसले. नंदकुमार त्यांच्या शेजारी. मी चोरून बघितलं तर तेही चोरून बघत होते. सगळं कसं छान चाललं होतं. आई चुलीपुढे घामाघूम झाली होती. मी पोह्यांच्या ताटल्या बाहेर नेत होते. तेवढ्यात मला मदत म्हणून आप्पा आत आले, चुलीवरून नुकतंच उतरवलेलं चहाचं पातेलं त्यांनी उजव्या हाताने कडेला धरून उचललं आणि सावकाश सोप्यात घेऊन गेले. फडकं नाही, सांडशी नाही.

काका पुढे होऊन म्हणाले, "आणा, मी धरतो," आणि पातेल्याला हात लावला तसा चटका बसून मागे घेतला. आप्पांनी पातेलं शांतपणे खाली ठेवलं. काकांनी आपली बोटं फुंकली आणि आप्पांच्या हाताकडे बघितलं.

"पाव्हणं, हाताला काय झालंय?"

आप्पांनी हात धोतराच्या सोग्याखाली घेतला. "काय न्हाई. जुनं हाय."

त्यांनी शब्द पाळला होता. तिथंच मिटलं असतं. पण गंगूमावशीला राहवलं नाही. "आवं, उंट चावलाय त्येंला," ती कौतुकाने म्हणाली. "राजस्थानात हुतं न्हवं का चार वर्सं. सांगा की भावजी."

"उंट?" काकांचा चेहरा एकदम उजळला. "राजस्थानात कुठं हुतासा? मी सगळी नोकरी तिकडंच काढली. जैसलमेर, बिकानेर. शिमेवर गस्त घालायची, ती बी उंटावरनं."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात कपबश्यांची चळत होती आणि ती तिने खाली ठेवली नाही.

"आतल्या बाजूला," आप्पा म्हणाले. "गावाचं नाव काय आता ध्यानात न्हाई. रस्त्याच्या कामावर."

"थंडीत चावला आसंल."

"व्हय. थंडीतच."

"तवाच माजतोय त्यो. तोंडातनं फेस काढतोय, गुरगुरतोय. आमच्यातल्या एकाचा कोपर फोडला हुता." काका मांडी बदलून आप्पांकडे पूर्ण वळले. नंदकुमार हसून म्हणाले, "आता काकांना आवरणं कठीण. घरातसुद्धा यांचं दुसरं बोलणं नसतं." सगळे हसले. आप्पाही हसले. क्षणभर मलाच वाटलं, कोण जाणे, खरंच गेले असतील.

"पलाण कसलं हुतं तुमचं?" काकांनी विचारलं. "बसायला एकट्याचं का दोघांचं?"

"पलाण न्हवतं. तसाच बसायचो."

"तसाच? वशिंडावर?"

आप्पा ती गोष्ट झोपेतसुद्धा सांगू शकले असते. मला वाटतं तसंच झालं. तोंड आपोआप चाललं. "मधी. दोन वशिंडांच्या मधी. पुढचं धराया..." त्यांचा हात पुढचं वशिंड धरायला वर आला आणि तिथेच थांबला.

नंदकुमारांनी काकांकडे बघितलं आणि मग पोह्यांकडे. उंटाच्या गप्पा ऐकत वाढलेला माणूस, त्यांनाही कळलंच. राजस्थानच्या उंटावर माणूस वशिंडाच्या पुढे बसतो नाहीतर मागे बसतो. मधे बसायला तिथे जागाच नसते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. लग्न मोडेल ही भीती होतीच, पण खरं म्हणजे भीतीपेक्षा लाजच जास्त होती. या माणसांसमोर, या मुलासमोर, माझा बाप भर दुपारी उघडा पडला होता.

काका आप्पांच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते हाताकडे बघत होते, त्या दोन वाकड्या बोटांकडे, बराच वेळ. मग त्यांनी चहाचा कप उचलला.

"हां, हुता की," ते म्हणाले. "आमच्याकडं बी तसला एक हुता. लडाखकडनं आणल्याला, दोन वशिंडांचा. थंडीतलं जनावर ते, तिकडचं ऊन त्येला सोसलं न्हाई." मग मावशीकडे वळून म्हणाले, "चला, उशीर नगो. सुपारी फोडूया."

सुपारी फुटली. कुंकू लागलं, साखर वाटली. जाताना काका उंबऱ्यावर पायात चपला घालायला थांबले. आप्पा त्यांना पोचवायला आले होते. मी दाराआड होते, मला सगळं ऐकू आलं.

"पाव्हणं, उंटाचं आता कुणापुढं काढू नगा. लग्नाला माझ्याबरोबरची जुनी माणसं येणार हाईत."

आप्पांनी खाली बघत मान हलवली.

"आन् हाताला जपा. गरम भांडं धरायच्या आधी डावा हात लावून बघत जावा."

आप्पांनी झटकन वर बघितलं. त्यांचा चेहरा त्या एका क्षणात पांढराफटक पडला. थाप पकडली गेली म्हणून पडला, असं मला वाटलं.

पाहुणे रस्त्याला लागताच मी गिरणीत जाऊन त्यांना गाठलं. ते कारण नसताना जात्याभोवतीचं पीठ झाडत होते.

"त्येनी सांभाळून घेतलं तुमाला. कळलं का?"

"कळलं."

"तुमी राजस्थानात कवाच गेला न्हाईसा."

"न्हाई."

मी इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून मनात भांडत होते ती त्यांनी एका शब्दात देऊन टाकली. मला आणखी राग आला. "मग आमाला सोडून चार वर्सं कुठं हुतासा? सांगायसारखं न्हाई आसलं काय केलंसा?"

आई मागून आली आणि माझा दंड धरला. "शाले, घरात चल."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "त्या माणसाला कळलंय आन् माझ्या लेकीला ठावं न्हाई, हे काय बरं न्हवं. उद्या माज्यासंगं चल पोरी. गिरणीचा पट्टा आणायचाय."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की गिरणीचा पट्टा आणायला आप्पा दरवर्षी याच सुमाराला जातात, आणि पट्टा इतक्या लवकर काही झिजत नाही.

मिरजेच्या पुढे बऱ्याच अंतरावर, माळावरच्या एका थांब्यावर आम्ही उतरलो. दुसरं कुणी उतरलं नाही. कंडक्टरने घंटी वाजवण्याआधी आमच्याकडे वळून बघितलं. कडुनिंबाच्या झाडांत कौलारू, लांबट इमारती होत्या आणि फाटकावर मिशनच्या दवाखान्याची पाटी. पाटीवरचा कुष्ठरोग हा शब्द मी वाचला आणि फाटकाबाहेरच थांबले.

आप्पा दोन पावलं पुढे होते. ते थांबले, पण मागे आले नाहीत. "आता काय न्हाई," ते म्हणाले. "बरा झाल्यावरच सोडलं त्येनी. कुणाला लागत न्हाई माझ्यापासनं. निस्ता हात दावाया येतो वरसातनं. तुला यायचं नसंल तर हितं झाडाखाली बस."

मी आत गेले. एवढं तरी केलं.

वॉर्डात मार्थाबाई नावाच्या एक वयस्क नर्स होत्या. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा. "ये महादेवा," म्हणून त्यांनी आप्पांना स्टुलावर बसवलं आणि मी जवळ उभी आहे हे न बघताच त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तो हात असा कुणी धरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. तळहातावर कालच्या पातेल्याचा टरटरीत फोड आला होता. आप्पांना तो आल्याचंही ठाऊक नव्हतं.

"किती वेळा सांगायचं तुला?" मार्थाबाई रागावल्या. "गरम भांडं धरायच्या आधी डावा हात लावून बघायचा. इथून जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगून पाठवते मी."

यशवंतकाकांचं उंबऱ्यावरचं बोलणं मला आठवलं. शब्दसुद्धा तेच. म्हणजे काकांनी नुसती थापच ओळखली नव्हती. त्यांनी हात ओळखला होता, आणि ओळखून सुपारी फोडली होती. हे शब्द त्यांना कुठून ठाऊक होते, त्यांचं कोण कुठल्या वॉर्डात राहून आलं होतं, हे त्या घरात सारा जन्म काढूनही मी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मार्थाबाई मलम आणायला गेल्या तसे आप्पा उठले आणि मला खिडकीजवळच्या एका खाटेपाशी घेऊन गेले. खाट रिकामी होती.

"ही माझी जागा," ते म्हणाले. "समोर बघ."

समोरच्या भिंतीवर काचेत एक जुनं चित्र होतं. रात्रीचं निळं आभाळ, एक मोठा तारा, आणि येशूच्या जन्माला निघालेले तीन राजे तीन उंटांवर बसलेले. प्रत्येक उंटाला दोन वशिंडं. प्रत्येक राजा त्यांच्या बरोबर मधे, पुढचं धरून, मागच्याला टेकून.

"चार वर्सं समोर ह्येच. दुसरं बघाया काय न्हवतं. त्यो मधला हाय न्हवं, त्येला उतरवून मी बसायचो. कुठं कुठं जायचो. बऱ्याचदा गावाकडंच यायचो." आप्पा हसले. "शेजारच्या खाटंवर मारवाडातला एक म्हातारा हुता. उंट चावतोय, माजावर येतोय, समदं त्येनंच सांगितलं. पर त्येचं डोळं गेल्यालं. भितीवरचं चितार त्येला दिसत न्हवतं, आन् वशिंडं किती आसत्यात हे मी इचारलं न्हाई. चितारात दोन हुती की. इचारायचं कशाला?"

त्या चित्राच्या मुलखातही एकाच वशिंडाचे उंट असतात. चित्रकाराने उंट पाहिला नसावा, मारवाडच्या म्हाताऱ्याला चित्र दिसत नव्हतं, आणि माझ्या बापाने या दोघांचं जमवून एक उंट उभा केला होता, आमच्यावर बोट उठू नये म्हणून. त्या उंटावर बसून आई गावात राहिली, मी शाळेत गेले, शिकले. आणि मी त्याला हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले होते.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात मार्थाबाई मलम घेऊन आल्या आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. चष्मा वर करून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"ही कोण रे महादेवा? लेक का तुझी?"

"न्हाई," आप्पा लगेच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "गिरणीवर दळाण घेऊन येत्यात, त्येंची पोर. हिकडं काम हुतं तिचं, सोबतीनं आलो."

मार्थाबाई माझ्याकडेच बघत होत्या. माझे डोळे आप्पांचे आहेत असं सगळे म्हणतात. आसपासच्या खाटांवरची माणसंही बघत होती, आणि त्यांत आमच्या भागातलं कुणी असेल तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. एक शब्द बोलायचा होता.

"व्हय," मी म्हणाले. "दळाण आसतंय आमचं त्येंच्याकडं."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. काल आप्पा उघडे पडले तेव्हा मला जी लाज वाटली होती, ती या सुटल्यासारखं वाटण्यापुढे काहीच नव्हती.

"बरं," मार्थाबाई म्हणाल्या. आप्पांच्या हाताला मलम लावून पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "लेकीला स्थळ बघतोयस म्हणाला होतास मागच्या खेपेला. ठरलं का?"

"ठरलं. काल सुपारी फुटली."

"देवाने ऐकलं. थांब जरा." त्या आतून एक पुडी घेऊन आल्या. वॉर्डातल्या बायकांनी क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल होता, ताटावर झाकायचा. तो त्यांनी आप्पांना दिला नाही, माझ्या हातात ठेवला. "याच्या हातातून पडलेलं याला कळायचं नाही. तू धर, आणि याच्या लेकीला नेऊन दे. तिला सांग, लेकीचा पाळणा हलवायचा राहून गेला म्हणून हा माणूस इथे रडायचा. गोळी कधी चुकवली नाही त्याने. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हणाले.

फाटकाबाहेर आल्यावर आप्पांनी पट्टी बांधलेला हात सदऱ्याच्या खिशात घातला. "बरं केलंस पोरी," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, त्यात टोमणा नव्हता. मग बसची वाट बघायला ते माझ्यापासून बरेच लांब, रस्त्याच्या पलीकडच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही एकमेकांचे वाटू नये इतके लांब. मी रुमालाची पुडी छातीशी धरून अलीकडेच उभी राहिले. रस्ता रिकामा होता. बस येईपर्यंत मी तो ओलांडला नाही.